ठिकाण लिहा

"गुरुवारी मी गोळी घेत नाय, ताई."

मेथीच्या जुड्या ओल्या गोणपाटावर मांडता मांडता मावशी इतक्या सहज बोलून गेल्या की मला वाटलं, उपास असेल. मग कळलं, गोळी ब्लडप्रेशरची. ती घेतली की तासातासाला लघवीला जावं लागतं. आणि गुरुवार म्हणजे आमच्या गावचा आठवडे बाजार. सकाळच्या पहिल्या एसटीनं यायचं, दिवेलागणीच्या एसटीनं परत. मधल्या वेळात बाप्ये टाकीमागच्या भिंतीकडे तोंड करून मोकळे होतात. बायकांनी काय करायचं? पाणी प्यायचं नाही, एवढंच. शेजारी कांदे विकणारीनं सकाळपासून घोटभरही पाणी घेतलं नव्हतं. एप्रिल महिना होता.

ही 2018 सालची गोष्ट. मी तेव्हा पोस्टातून नुकतीच निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं काउंटरला काढली. कागद दिला की पोच घ्यायची आणि पोचेवरची तारीख नीट उमटली आहे का, हे खिडकीसमोरून हलायच्या आत बघायचं, एवढी सवय हाडात भिनलेली. नगरपरिषदेशी संबंध मात्र घरपट्टीपुरता.

तरी अर्ज केला. बाजारात बसणाऱ्या 41 जणींच्या सह्या-अंगठे घेतले. बाजार वसुलीवाला दर गुरुवारी प्रत्येकीकडून पैसे घेऊन पावती फाडतो, त्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या. पावतीवर नगरपरिषदेचं नाव होतं. म्हणजे जागेचं भाडं घेता, तर जागेवर किमान सोय द्या, असा माझा साधा हिशेब. आवक शिक्का घेतला. दोन महिन्यांनी उत्तर आलं की अर्ज आरोग्य विभागाकडे वर्ग केला आहे. आरोग्य विभागानं तो बांधकामकडे वर्ग केला. बांधकामवाले म्हणाले, स्वच्छतेचा विषय आहे, आरोग्यकडे पाठवतो.

बांधकाम विभागातल्या एका क्लार्कला माझी दया आली असावी. चहाचा कप पुढे सरकवत तो म्हणाला, "ताई, अर्जानं काही होत नसतं. विषय यायला लागतो."

"कशात यायला लागतो?"

"अजेंड्यात."

आमची नगरपरिषद ‘क’ वर्गातली, म्हणजे लोकसंख्या 40 हजारांच्या आतली. असल्या गावांचा कारभार 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानं चालतो. त्याचं कलम 81 मी पोस्टाची नियमावली वाचावी तसं पेन्सिल घेऊन वाचलं. सर्वसाधारण सभा दर दोन महिन्यांनी व्हायला हवी. तिची नोटीस पूर्ण सात दिवस आधी निघायला हवी. आणि सभा लोकांना खुली असते. या तिसऱ्या वाक्याखाली मी दोनदा रेघ मारली.

पहिल्यांदा गेले तेव्हा शिपायानं दारातच विचारलं, "कुणाकडून आलात?"

"कुणाकडून नाही. ऐकायला आलेय."

हे उत्तर त्याच्या कामात बसेना. तो आत जाऊन कार्यालय अधीक्षकांना विचारून आला. मग पाण्याच्या फिल्टरशेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. तिथून सभागृह दिसायचं आणि फिल्टरचा नळ ठिबकताना मोजता यायचा. माझ्या पुढच्या रांगेत चार-पाच पुरुष बसले होते. मला वाटलं, माझ्यासारखेच नागरिक. थोड्या वेळानं लक्षात आलं, ते नगरसेविकांचे नवरे. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. आमच्याकडे खुर्च्या निम्म्या बायकांच्या होत्या आणि खाणाखुणा पाठीमागून व्हायच्या.

सभेची गंमत सांगते. आधी श्रद्धांजली, मग अभिनंदनाचे ठराव. यात 25 मिनिटं गेली. मग अधीक्षक उभे राहिले आणि वाचू लागले, "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." कुणी काही वाचलं नाही. दोन-तीन आवाज आले, "कायम." विषय दोन. "मंजूर." विषय तीन. "मंजूर." एकूण 34 विषय होते. त्यात 20 मिनिटं एकट्या कमानीनं खाल्ली. गावच्या वेशीवर कमान व्हायची होती आणि तिला कुणाचं नाव द्यायचं, यावर सगळे तावातावानं बोलले. लाखालाखांची कामं मी पदराला हात पुसेपर्यंत मंजूर होत होती. मी घाबरून गेले. नंतर कळलं, चर्चा आधीच नगराध्यक्षांच्या केबिनमध्ये होते. इथे नुसती नोंद. आणि गॅलरीतल्या माणसाला तोंड उघडायची परवानगी नाही. बोलायचं तर नगरसेवकानंच.

तेव्हा मी आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेकडे गेले. वय पस्तिशीचं, बारावी झालेली, पहिल्यांदाच निवडून आलेली. बैठकीत तिचे यजमान बसले होते.

"वहिनी, तिला कशाला त्रास? मला सांगा ना."

सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करू की. पण एकट्या बाजाराचं नको. ‘शहरात विविध ठिकाणी’ असं टाकू. म्हणजे त्यात चार-पाच कामं बसतात."

मला तेव्हा त्यात खोट दिसली नाही. उलट वाटलं, बरंच आहे, बाकीच्याही बायकांची सोय होईल. ती आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच माझ्या घरी आली, हातात मुलाची वही. "ताई, ठिकाण घालून लिहून द्या. मी माझ्या अक्षरात उतरवून घेते." मग जरा थांबून म्हणाली, "बाजाराच्या दिवशी मी पण घरी येऊनच जाते. माझं घर जवळ आहे म्हणून."

आम्ही दोघींनी मिळून मसुदा केला. शेजारच्या वकील मुलानं एक गोष्ट सुचवली. 74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली, तिच्याबरोबर बारावी अनुसूची आली. शहरांच्या कारभाराचे 18 विषय तिच्यात आहेत आणि सतराव्यात रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे यांच्यासोबत सार्वजनिक प्रसाधनगृहं चक्क लिहिलेली आहेत. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नव्हतो. तिनं ते वाक्य गोल, शाळकरी अक्षरात उतरवलं आणि ‘सतरावा’ या शब्दाखाली रेघ मारली.

मधल्या काळात मला आणखी एक दार सापडलं. शासनानं त्याच सुमाराला सांगितलं होतं की दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात माणसाला कार्यालयात जाऊन अभिलेख पाहता येतील. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून, 10 रुपयांचं तिकीट लावून 30 दिवस वाट बघण्यापेक्षा हे बरं. मी तीन सोमवार ठरावांची पुस्तकं चाळली. जाडजूड, कापडी बांधणीची, धुळीनं शिंका आणणारी. तिसऱ्या सोमवारी सापडलं ते पाहून मी हसू का रडू अशी झाले. महिलांसाठी स्वच्छतागृहाचा ठराव आधीच झाला होता. एकदा 2007 मध्ये, पुन्हा 2013 मध्ये. दोन्हीत शब्द जवळपास तेच: ‘शहरात आवश्यक त्या ठिकाणी स्वच्छतागृह उभारणेस सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे. मुख्याधिकारी यांनी नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी.’

"मग मंजूरच आहे की," अभिलेख कक्षातला क्लार्क म्हणाला.

होय, बारा वर्षं मंजूर. फक्त कुठे, ते कागदालाही ठाऊक नव्हतं. ठिकाण नसलेला ठराव म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. पोस्टात असली पत्रं निदान आरएलओला, म्हणजे न पोचलेल्या पत्रांच्या कार्यालयाला तरी जातात, तिथे कुणीतरी ती उघडून बघतं. इथे ती पुस्तकातच बांधली जातात. आणि आता मला ‘विविध ठिकाणी’चा अर्थ कळला. विविध ठिकाणी म्हटलं की कुणाच्या दुकानासमोर, हे सांगावं लागत नाही. कुणी दुखावत नाही. पुढे निधी आलाच तर ज्याच्या प्रभागात वजन जास्त तिथे काम जातं.

2019 च्या फेब्रुवारीतल्या सभेची नोटीस आली. विषय क्रमांक 22: ‘शहरात विविध ठिकाणी आवश्यकतेनुसार स्वच्छतागृह उभारणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.’ तिनं दिलेल्या पत्रात ठिकाण होतं. छापताना ते गेलं. कुणी घालवलं, यजमानांनी की कार्यालयानं, हे मी कधी विचारलं नाही.

सभेच्या दिवशी मी फिल्टरशेजारच्या खुर्चीत. अधीक्षक ठरल्या वेगानं वाचत होते. "विषय क्रमांक बावीस..."

"मंजूर."

"विषय क्रमांक तेवीस..."

"ठिकाण लिहा."

माइक बंद होता. आवाज बारीक होता. अधीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालात, ताई?"

ती उभी होती. एका हातानं टेबलाची कड धरलेली. "बावीसमध्ये ठिकाण लिहा. आठवडे बाजारात, जुन्या पाण्याच्या टाकीमागं, बायकांसाठी."

माझ्या पुढच्या रांगेतले यजमान घसा खाकरले. तिनं तिकडे पाहिलंच नाही. एक ज्येष्ठ नगरसेवक म्हणाले, टाकीमागे दुकानांची रांग आहे, व्यापारी ऐकणार नाहीत. तिनं पिशवीतून सिटी सर्व्हेचा उतारा काढला. तो आम्ही आठ दिवस आधी काढून ठेवला होता. "जागा नगरपरिषदेची आहे. साहेबांना विचारा." मुख्याधिकाऱ्यांनी उतारा उलटसुलट पाहिला आणि मान हलवली. समोरच्या बाजूच्या एक नगरसेविका बसल्या बसल्या म्हणाल्या, "माझं अनुमोदन घ्या." त्या विरोधी पक्षाच्या होत्या. नगराध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "बरं, घ्या. दुरुस्तीसह मंजूर." सगळं मिळून चार मिनिटं. कमानीच्या 20 मिनिटांशी तुलना करायचा मोह मी टाळते आहे.

मी त्या संध्याकाळी पेढे आणले. फार घाई केली.

तीन आठवड्यांनी ठरावाची प्रत हाती आली. दोन रुपये पानाप्रमाणे पैसे भरले आणि खिडकीसमोरच वाचायला घेतली, सवयीप्रमाणे. ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन शहरात विविध ठिकाणी आवश्यकतेनुसार...’ पुढचं वाचायची गरज नव्हती. सूचक म्हणून तिचं नाव होतं, अनुमोदक म्हणून त्या दुसरीचं. सभेत बोललेले शब्द तेवढे नव्हते.

मी तशीच अधीक्षकांसमोर जाऊन उभी राहिले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, ठरावाची भाषा ठरलेली असते. त्यानं काही अडत नाही." मग आवाज खाली घेऊन, "आणि अडतंच असं वाटत असेल तर इतिवृत्त अजून कायम झालेलं नाही."

हा माणूस आमच्या बाजूचा होता की विरुद्ध, मला आजही सांगता येणार नाही. पण त्यानं जे सांगितलं ते त्या सबंध खटपटीतलं सगळ्यात कामाचं वाक्य होतं. विषय क्रमांक एक! ज्या विषयाला सगळे पान न उलटता ‘कायम’ म्हणतात, तोच. मागच्या सभेत काय ठरलं ते तिथे पक्कं होतं. तोवर कुणीही नगरसेवक उठून म्हणू शकतो की मी हे असं बोलले नव्हते, दुरुस्त करा. एकदा कायम झालं की मग जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम 308 खाली ठराव स्थगित करा म्हणून जा, नाहीतर कोर्टात जा. आमच्यासारख्यांनी ते करावं असं कुणाच्याच मनात नसतं.

10 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. सभा थेट जूनमध्ये. या चार महिन्यांत तिच्या घरी काय काय झालं असेल याची मला थोडीफार कल्पना आहे, ते इथे लिहीत नाही. दोनदा निरोप आला, "ताई, राहू द्या आता." मी रेटलं नाही. एका गुरुवारी तिला मुद्दाम बाजारातून चालवत नेलं, भाजी घ्यायला म्हणून. मावशींनी तिला ओळखलं नाही. मेथीच्या जुडीवर दोन काड्या जास्त टाकल्या, एवढंच.

जूनच्या सभेत श्रद्धांजली संपली आणि अधीक्षक म्हणाले, "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त..."

"कायम."

"थांबा," ती म्हणाली. या वेळी माइक चालू होता, तिनं आधीच बटण दाबून ठेवलं होतं.

नगराध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमचा विषय आज नाही."

"मी एकवरच बोलतेय."

तिनं फेब्रुवारीतलं स्वतःचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. मुलाच्या त्याच वहीतून. समोरच्या अनुमोदकबाईंनी "हो, हेच बोलल्या होत्या" म्हटलं. कुणी विरोध केला नाही. खरं तर बऱ्याच जणांना काय चाललंय ते कळलंच नव्हतं. अधीक्षकांनी लाल पेन काढलं, पुस्तकाचं पान समोर धरलं आणि ‘विविध ठिकाणी’वर आडवी रेघ मारून समासात लिहिलं: ‘आठवडे बाजार, जुन्या पाण्याच्या टाकीमागे, महिलांसाठी’. शेजारी नगराध्यक्षांची छोटी सही. मी खुर्चीतून उठून टाचा उंचावून बघत होते. शिपायानं बसायची खूण केली.

त्यापुढचं भराभर सांगते, कारण त्यात वाट बघण्याखेरीज काही नाही. अंदाजपत्रक झालं. दुकानदारांनी व्यवसायावर परिणाम होईल म्हणून निवेदन दिलं. तांत्रिक मान्यता यायच्या आत सप्टेंबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली. पहिल्या निविदेला कुणी आलं नाही. मग मार्च 2020. बाजारच बंद. मावशी दोन वर्षं कुठे होत्या, काय विकत होत्या, मला माहीत नव्हतं. बाजार पुन्हा भरला आणि त्या आपल्या जागेवर दिसल्या तेव्हा मी त्यांच्याकडून गरज नसताना चार जुड्या घेतल्या.

2021 च्या अखेरीस सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. आणि खोटं कशाला बोलू, काम झालं ते प्रशासकांच्याच काळात. तेच मुख्याधिकारी, तेच प्रशासक. प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. एका दुपारी सही झाली. कनिष्ठ अभियंता मला म्हणाला, "ठरावात जागा पक्की लिहिलीय म्हणून फाइल हलली, नाहीतर आम्ही पण नसता हात लावला." 2023 च्या पावसाळ्याआधी टाकीमागे तीन सीटांचं, निळ्या टाइलचं स्वच्छतागृह उभं राहिलं. दाराला कुलूप.

नळजोडणी बाकी होती. ती झाली, तर सफाईला माणूस नव्हता. मग किल्ली बाजार वसुलीच्या माणसाकडे गेली. तो बायकांकडून पाच रुपये घ्यायला लागला. भिंतीकडे तोंड करणाऱ्यांना अर्थातच काही पडत नव्हतं. मुंबईत बायकांनी 2011 पासून ‘राइट टू पी’ म्हणून ज्या गोष्टीवर आवाज उठवला, ती हीच.

तेव्हा मला सभा नसण्याचा अर्थ कळला. विचारायचं कुणाला? ‘मंजूर, मंजूर’ म्हणणारे ते वीस जण मला किती वैताग आणायचे! पण त्यांच्यासमोर मोठ्यानं विचारलेल्या प्रश्नाला कुणीतरी मोठ्यानं उत्तर द्यायचं आणि ते लिहिलं जायचं. आता खिडक्याच होत्या. तालुक्याच्या लोकशाही दिनात, तिसऱ्या सोमवारी, कुलपाचा फोटो जोडून अर्ज दिला. लेखी उत्तर आलं: ‘सदर स्वच्छतागृह सुरू असल्याबाबत नगरपरिषदेने कळविले आहे.’ तेवढ्यात प्रशासक बदलून गेले, दुसरे आले. त्यांना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग तेही बदलून गेले.

2025 च्या डिसेंबरात एकदाचं मतदान झालं, 21 तारखेला मोजणी. आमच्या प्रभागाचं आरक्षण बदललं होतं, ती उभी राहू शकली नाही. नव्या सभागृहाच्या सर्वसाधारण सभेला मी गेले तेव्हा शिपाई तोच होता, निवृत्तीला आलेला. मी दारात दिसताच त्यानं न विचारता फिल्टरशेजारी खुर्ची टाकली. मग माझ्यामागून येणाऱ्या तिला पाहून दुसरी टाकली.

अजेंड्यावर विषय 19 होता: ‘आठवडे बाजारातील महिला स्वच्छतागृहाची देखभाल, दुरुस्ती व किल्लीची व्यवस्था याबाबत निर्णय घेणे’. नवीन नगरसेवक पोरानं दिलेला. मसुदा तिनं पाहून दिला होता. ‘किल्ली’ हा शब्द छापील अजेंड्यावर आलेला बघून ती हसली. अभिनंदनाचे ठराव मात्र या वेळी सगळ्यांचेच होते, सगळेच नव्यानं निवडून आलेले. पावणेदोन तास तेच. विषय 14 पर्यंत पोचेस्तोवर नगराध्यक्षांनी सभा तहकूब केली. उरलेले विषय पुढच्या सभेत. तारीख? "कळवू."

परवा गुरुवारी मावशींना विचारलं, गोळी घेता का आता.

"अर्धी घेते," मावशी म्हणाल्या. "किल्लीवाला दुपारचा जेवायला घरी जातो ना."